मग सकाळी चहा कुणी केला?

कथा संपली तेव्हा दुसऱ्या गेटवरून गाडी नुकतीच गेली होती आणि खिडकीच्या काचा अजून थरथरत होत्या. निपाणीच्या मुलानं शेवटचं पान खाली ठेवलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच परत ठेवला. कथा चांगली होती. दोन मुलगे. एक तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणारा, दुसरा वखारमालकाचा पुतण्या. पावसाळ्यातली रात्र, दिवे गेलेले, वखारीतला तो डोक्यात चढणारा वास, आणि कित्येक वर्षं ओठांवर येऊन परत गेलेलं एक वाक्य त्या अंधारात एकदाचं बोलून टाकलेलं. तिथंच कथा थांबते. चिकोडीकर "वा" म्हणाले. खानापूरचं पोर काहीच बोललं नाही, म्हणजे त्याला आवडली होती. मग फॉल-पिकोवाल्या काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ते समदं बरं हाय रे. पण मग सकाळी चहा कुणी केला?"

हशा पिकला. मुलगाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. काकू मात्र गंमत करत नव्हत्या, उत्तराची वाट बघत होत्या. "न्हाई म्हंजे बघ की. रात्री दिवे गेलते, बोलले, झालं. सकाळी दिवे येणारच. वखारीत बायका कामाला येणार. ह्या दोघांनी तोंड कुठं धुतलं? कुणाच्या घरला गेले? चहा प्याले तर कुणाच्या हातचा? ते न्हाई लिवलंस."

तो म्हणाला, "काकू, कथा तिथं संपते." काकू म्हणाल्या, "तुझी संपली. त्यांची कुठं संपली?"

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. वाचायला काहीही घेतलं की शेवटच्या पानानंतर काकूंचा आवाज येतो.

आम्ही जमतो ते बेळगावात, टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, आमच्या माडीवर. महिन्यातनं एखादा रविवार, कधी महिना चुकतोही. गल्लीला सांगायला कारण सोपं आहे. बाई निवृत्त झाल्या तरी मुलं शिकायला येतात. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवल्याचा हा एक फायदा, माझ्या दारात कुणीही पिशवीत पुस्तक घालून उभं राहिलं तरी समोरच्या वहिनींना प्रश्न पडत नाही. येणाऱ्यांत निपाणीचा हा मुलगा, खानापूरकडचं एक पोर, जे कॉलेजच्या हजेरीत मुलगी आहे आणि आमचा जिना चढला की मुलगा, चिकोडीचे एक विवाहित गृहस्थ, जे स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाहीत पण कथा नेमानं लिहितात, धारवाडला शिकवणारे एक कन्नड मेष्ट्रू, आणि काकू. काकूंचं वडगावात फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे. त्यांच्या बहिणीचा मुलगा पुण्याला गेला तो गेलाच, फोनवर 'बरा आहे' एवढंच सांगतो. त्याच्या ट्रंकेत सापडलेलं पुस्तक घेऊन त्या पहिल्यांदा माझ्याकडं आल्या होत्या. "बाई, ह्यात काय लिवलंय ते वाचून सांगा." मी म्हटलं, तुम्हीच वाचा की. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मशिनवर पुस्तक उघडं ठेवून, ओळीखाली बोट सरकवत त्यांनी ते पुरं केलं. तेव्हापासून येतात.

गाडी आली की वाचणारा थांबतो, हा आमचा एकमेव नियम. त्यामुळं काही प्रसंग फार विचित्र ठिकाणी अडकतात. चिकोडीकरांच्या एका कथेत दोन बायका पहिल्यांदा एकमेकींना मिठीत घेतात, आणि ते वाक्य अर्ध्यावर असताना मालगाडी आली. मालगाडी म्हणजे काय, संपता संपेना. डब्यामागून डबा. ती बिचारी दोन माणसं कागदावर हात पसरून उभी, आणि आम्ही सगळे मिरचीभज्यांच्या ताटाकडं एकाग्र चित्तानं बघतोय. गाडी गेली तेव्हा चिकोडीकरांनी सरळ पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. "अहो, मधलं राहिलं," असं खानापूरचं पोर म्हणालं, तर म्हणाले, "ते घरी वाच." खरं सांगायचं तर त्या कथेत पाऊस जरा जास्तच होता. पुरुषानं बायकांच्या प्रेमाबद्दल लिहिलं की पाऊस का वाढतो, हे मला कळलेलं नाही.

भांडणं होतात ती बहुतेक शेवटावरून. खानापूरच्या पोराचं एकच म्हणणं, "मेलेलं आता बास. जिवंत ठेवा, मग त्यांचं काय पायजे ते करा." चिकोडीकरांना सुखाचा शेवट म्हणजे वाचकाला दिलेली लाच वाटते. मेष्ट्रू दोघांचं ऐकून घेतात आणि मग तिसरंच काही काढतात. मीही या भांडणात हिरिरीनं पडत असे. आता वाटतं, शेवटावर भांडत बसलं की मधलं लिहायचं टळतं, आणि बहुधा म्हणूनच आम्ही भांडतो.

'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं तेव्हा मी कॉलेजात होते. रोहिणी हट्टंगडींनी केलेली सुमित्रा, बाईवर प्रेम करणारी ती मित्रा, मी पाहिली नाही, तेंडुलकरांचं छापील नाटकच वाचलं. गणपत गल्लीतल्या वाचनालयातून आणलं होतं. १८४८ सालापासूनचं ते वाचनालय, तिथला तो जुन्या कागदाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. पुस्तकावर तारखेचा शिक्का मारताना समोरच्या गृहस्थांनी मान वर केली नाही, याचंच मला केवढं हायसं वाटलं होतं. घरी आणून उघडलं तर एका पानावर मित्राच्या एका वाक्याखाली कुणी तरी पेन्सिलीनं रेघ मारलेली, आणि ती रेघ नंतर कुणी तरी खोडरबरानं पुसलेली. कागद तेवढ्या जागी खरखरीत झाला होता. रेघ मारणारं माणूस आणि पुसणारं माणूस एकच की दोन, मी कितीतरी दिवस विचार करत राहिले. रेघ मारणारं माणूस बेळगावातच राहतं, इथल्याच बाजारात भाजी घेतं, एवढं कळलं तरी पुष्कळ होतं. मीही एक बारीक टिंब काढून पुस्तक परत केलं. आमच्या माडीवरच्या बैठकीची सुरुवात कधी झाली असं कुणी विचारलं तर मी तिथपासून धरते.

मित्रा शेवटी जीव देते. काकूंना मी ते नाटक वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोरीनं कुणाबरोबर बसून एकदा जेवल्याचं पण न्हाई बघा ह्यात." सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' २००६चं. तिथं घर आहे, स्वयंपाकघर आहे, घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक जण आहे आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण आहेत. ते वाचताना काकू खूश होत्या, घरातली माणसं घरातल्यासारखी वागतात म्हणाल्या. पण तो पाहुणा निघून जातो. मेष्ट्रूंनी वसुधेंद्र यांचं 'मोहनस्वामी' आणलं, २०१३ साली आलेलं कन्नड पुस्तक. ते कन्नडात वाचतात, परिच्छेद झाला की मराठीत सांगतात, पण आमच्यातल्या अर्ध्यांना सांगायची गरजच नसते; शाळेत कन्नड घासून घेतलेलं असतं. खानापूरचं पोर तर पुढं बसून "सांगू नका हो सर, मी वाचूलालोय की" म्हणून ओरडतं. त्यात मोहनस्वामीबरोबर राहणारा कार्तिक लग्न ठरवून निघून जातो. काकूंनी सुस्कारा सोडला. कुणी मरतं, कुणी जातं. कुणी बोलतं आणि पडदा पडतो. निपाणीच्या मुलानं दोघांना जिवंत ठेवलं, निपाणीतच ठेवलं, हे खरं तर मोठंच काम केलं होतं, पण दिवे येण्याआधी त्यानं पण हात काढून घेतला.

आमच्या घरात सकाळचा चहा ती करते.

मुलं तिला गणिताच्या बाई म्हणतात. गडहिंग्लजकडची. आमच्या शाळेत लागली तेव्हा भाड्यानं खोली शोधत होती, माझ्या आईनं माडी दिली. पुढं माडीवरची खोली कधी रिकामी झाली आणि खालच्या स्वयंपाकघरात तिचं पातेलं कधी आलं, याची नोंद कुणीच ठेवली नाही. वडील गेल्यावर आई नातेवाइकांना सांगायची, "एकीला दोघी बऱ्या." एवढंच. त्यापुढं तिनं जन्मात कधी विचारलं नाही. पण कैरीच्या लोणच्याचा मसाला आईनं मला शिकवला नाही, तिला शिकवला. मोहरी किती भरड हवी, मेथी कुठवर तळायची, तेल गार झालंय हे बोट न घालता कसं ओळखायचं, सगळं तिला. मी दारात उभी होते. "तू पुस्तकं वाच," आई म्हणाली. ह्याचा अर्थ काय लावायचा तो मी बरीच वर्षं लावत आले आहे आणि दर उन्हाळ्यात तो थोडा बदलतो.

गल्लीही तशीच. आम्हाला लग्नाची पत्रिका एकच येते, दोघींचं नाव घालून. हळदीकुंकवाला दोघींना आवर्जून बोलावतात, पण ओटी भरायची वेळ आली की यजमानीणबाईंचा हात क्षणभर थांबतो आणि मग आम्हाला ओटीऐवजी नुसती फुलं आणि जास्तीचे तिळगूळ मिळतात. तो क्षण इतका छोटा असतो की त्याबद्दल तक्रार केली तर आपलंच हसं व्हावं. ६ सप्टेंबर २०१८ला निकाल आला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमातला भाग गेला, तेव्हा गणपती आठवड्यावर आले होते आणि ती मोरीत बसून चिंचेनं तांब्या-पितळेची भांडी घासत होती. मी टीव्हीचा आवाज मोठा केला, मोरीच्या दारात जाऊन सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "वरची समई काढून दे." मी स्टुलावर चढून समई काढली. चढताना माझे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पाहिलं होतं, पण समई काळी पडली होती आणि चिंच संपत आली होती.

माडीवर वाचन चालतं तेव्हा ती वर येत नाही. "तुमचं चालू द्या रिकामटेकड्यांचं," म्हणते. पण चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या वळणावर येते आणि कथेतला प्रसंग संपेपर्यंत तिथं उभी राहते, हे चहावर धरलेल्या सायीवरून कळतं.

हे सगळं मी एकदा निपाणीच्या मुलाला सांगितलं. मला वाटलं, त्याला धीर येईल. इथं राहता येतं, कुणी काही विचारत नाही, लोक जाणून असतात, असं काहीसं मी म्हणाले. तो फटकन म्हणाला, "बाई, तुमचं गप्प राहणं तुम्हाला परवडलं. दोघी बायका राहिल्या तर लोक 'सोबत' म्हणतात. दोन पुरुष एका घरात राहिले की लोक विचारतात, स्वयंपाक कोण करतं, आणि मग हसतात. मला घरात दर दिवाळीला नव्या मुलीचा फोटो दाखवतात. न विचारणं कुठं आहे माझ्या वाट्याला?" त्याचं बरोबर होतं, पण सगळं बरोबर होतं असंही नाही. 'सोबत' म्हणून आम्हाला जे मिळालं त्याची किंमत आम्हीही मोजली आहे. तिच्या भावानं जमिनीच्या कागदावर सही घेताना "तुला कोण आहे पुढं?" असं विचारलं होतं, मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना. पण मी ते त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. वयात आलेल्या माणसाचं दुःख आणि उतारवयातल्या माणसाचं दुःख यांची मोजदाद एका बैठकीत करू नये.

जोगत्यांचा, म्हणजे यल्लम्माला सोडलेल्या, साडी नेसणाऱ्या पुरुषांचा विषय आमच्याकडं हटकून निघतो, कारण यल्लम्माची सौंदत्ती आमच्याच जिल्ह्यात. पुण्या-मुंबईकडून कुणी पाहुणा आला की पहिल्या पाच मिनिटांत म्हणतो, "तुमच्याकडं तर परंपराच आहे, यल्लम्माचे जोगते, किती मोकळेपणा!" माझ्या लहानपणी मंगळवार-शुक्रवारी दारात येत. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिचा मुखवटा ठेवलेली टोपली, हातात परडी, साडीचा काष्टा नीटस, मिशी काढल्याची हिरवट छटा, आणि चौंडक्याचा तो 'तुंईं तुंईं' आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. आजी सूपभर जोंधळे घालायची, वाकून नमस्कार करायची, आमच्या कपाळांना भंडारा लावून घ्यायची. पण उंबऱ्याच्या बाहेर. पाणी सुद्धा बाहेरच, वेगळ्या तांब्यातून. नमस्कार खरा होता आणि तांब्याही खरा होता. राजन गवसांनी 'भंडारभोग'मध्ये जोगत्याचं जगणं आतून लिहिलं, ते गाव आमच्यापासून फार लांबचं नाही, म्हणून ती कादंबरी इथं वाचताना लोक मान खाली घालून वाचतात. देवाला सोडण्यावर कर्नाटकानं १९८२ साली कायद्यानं बंदी आणली. पौर्णिमेला डोंगरावर जाणाऱ्या गाड्या त्यानं कमी झाल्या नाहीत. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजम्मा जोगतींनी पद्मश्री घेताना राष्ट्रपतींवरून पदर फिरवून दृष्ट काढली आणि ती चित्रफीत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक फोनवर फिरली. समोरच्या वहिनींनी मला बोलावून दाखवली, डोळे पुसत. त्याच वहिनींनी त्याच महिन्यात आपल्या भाच्याला "बायकांगत चालतोस" म्हणून सगळ्यांदेखत झापलं होतं. मी ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते, त्यांच्यावरून निवाडा करवत नाही. वहिनी मला आवडतात.

खानापूरच्या पोराला मात्र जोगत्यांच्या गोष्टीत जागा सापडत नाही. "ते सगळे पुरुषाचे बाई झालेले. माझं उलट. माझ्यासाठी कुठली देवी हाय?" मेष्ट्रूंनी त्याला जेडर दासिमय्यांचं वचन म्हणून दाखवलं. स्तन आणि केस दिसले की लोक बाई म्हणतात, दाढी-मिशी दिसली की बुवा म्हणतात, पण दोन्हींच्या मध्ये वावरणारा आत्मा बाईही नाही आणि बुवाही नाही, असं शेकडो वर्षांपूर्वी एक विणकर म्हणून गेला. पोरानं ते वहीत उतरून घेतलं. मग म्हणालं, "आत्मा ठीक हाय सर. पण मला हॉस्टेल पायजे." तो काकूंच्याच घराण्यातला शोभतो.

२०२३च्या १७ ऑक्टोबरला लग्नाचा निकाल आला. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायला न्यायालयानं नकार दिला, तो प्रश्न कायदेमंडळाचा म्हणून सोडून दिला. नवरात्र सुरू होतं, निपाणीच्या मुलाचा फोन आला आणि आम्ही दोघं पाच-दहा मिनिटं काही न बोलता फोन धरून होतो. पण त्या खटल्यातूनच निघालेली एक समिती पुढं बसली आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं की रेशन कार्डापुरतं अशा जोडीदारांना एकाच घरातलं समजावं. बँकेत जोडखातं काढायलाही आडकाठी नाही असं स्पष्ट केलं. चिकोडीकरांनी ही बातमी वाचून दाखवली. बँकेच्या जोडखात्यावर थोडी टाळी पडली, रेशन कार्डावर कुणाचंच लक्ष नव्हतं. काकूंनीच विचारलं, "एकाच घरातलं म्हंजे एका चुलीवरचं ना?" रेशनच्या कचेरीत गेलेल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं, वेगळं कार्ड मागितलं की पहिला प्रश्न येतो तो चूल वेगळी आहे का. म्हणजे दिल्लीला लग्न काही मानवलं नाही, पण चहा कुणी केला हे विचारायला मात्र सरकार तयार झालं. मी हे खाली जाऊन तिला सांगितलं. आमची दोन कार्डं आहेत, एकाच पत्त्यावर. "एक करायचं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "रांगेत कोण उभं राहणार?" विषय तिथंच आहे, पण तिनं नाही म्हटलेलं नाही.

आता जी गोष्ट सांगायला मी अडखळते आहे ती मराठीची. बाहेरच्या वाचकाला हे कदाचित कळणार नाही, पण सीमाभागातल्याला लगेच कळेल. १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं, माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. साहित्याच्या मांडवातून निघालेली लढाई इथं अजून साहित्याच्याच खांद्यावर आहे. दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या पटापर्यंत जिथं मराठीची एकेक ओळ मोजली जाते, तिथं मराठी कथेनं काय करावं याच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. तिनं शेतकरी, आई, माती आणि एक नोव्हेंबरचा काळा दिवस यांच्याशी इमान राखावं. आमच्या बैठकीबद्दल कुणकुण लागलेले एक जुने स्नेही, आयुष्य लढ्यात घालवलेले, लाठ्या खाल्लेले, मला बाजारात भेटले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आधीच आपली संख्या घटत चाललीय. त्यात हे असलं मराठीत कशाला? कानडीवाले हसतील." मला राग आला नाही, वाईट वाटलं. त्यांची भीती खोटी नाही, घर गळायला लागलं की माणूस भांडी वरच्या फळीवर ठेवतो. मी म्हटलं, "कानडीवाले माझ्या माडीवर बसून ऐकतात, आणि त्यांचं पुस्तक आपल्या आधी आलंय." ते गप्प झाले. पिशवीतले दोन पेरू काढून मला दिले. ते नेहमीच असं काहीतरी देतात.

आमच्याकडं नवीन लिहिणारा प्रत्येक जण पहिल्या कथेत सीमेचं रूपक आणतो. दोन राज्यांच्या मधलं गाव, दोन लिंगांच्या मधलं माणूस, झालं. मेष्ट्रूंनी शेवटी त्यावर बंदी घातली. "सीमा रस्त्यावर ठेवून या," म्हणाले, "चप्पल काढतो तिथं." तेव्हापासून कथा सुधारल्या आहेत.

निपाणीच्या मुलानं कथा पुन्हा लिहून आणली. आता सकाळ आहे. दिवे आलेत. वखारीसमोरच्या टपरीवर दोघं उभे आहेत, तोंड टपरीच्याच बादलीतल्या पाण्यानं धुतलंय, आणि टपरीवाला वही उघडून विचारतो, दोन्ही चहा एकाच खात्यावर मांडू का वेगळे. हिशेब लिहिणारा मुलगा, ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची खाती मांडली, त्याला पटकन उत्तर देता येत नाही. एवढंच एक पान वाढवलंय. गाडी आली नाही, वाचन अखंड झालं. काकू म्हणाल्या, "हां. आता कसं." मग लगेच, "पण त्या टपरीवाल्याला उधारी द्यायचा का तो? तंबाखूच्या वखारीतली पोरं उधार बुडवतात." त्यावर अर्धा तास गेला.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. तो त्यांच्या गावच्या साहित्य संमेलनाच्या कमिटीवर आहे. थंडीच्या दिवसांत आमच्याकडं गावोगावी संमेलनं भरतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, शेताच्या कडेला मांडव, दुपारी पंगत, आणि मग सगळं गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, कथाकथन ऐकायला बसतं. "बाई, नव्यांतली एक कथा पाठवा की तुमच्याकडची," तो म्हणाला. "आपल्या मातीतली असावी." मी म्हटलं, तंबाखूच्या वखारीची आहे. "मग झालंच," म्हणाला. त्याला पुढचं सांगितलं का, तर नाही. अजून नाही.

बैठकीत विषय ठेवला तर एकदम दोन तट पडले. चिकोडीकर म्हणाले, मांडवात असली कथा वाचणं म्हणजे कथेवर अन्याय, हशा होईल आणि हशात वाक्य मरेल. खानापूरचं पोर म्हणालं, हशा झाला तर झाला, पण मांडवाच्या मागच्या रांगेत उभं राहून ऐकणारा एक तरी माझ्यासारखा असेल की नाही? मेष्ट्रूंनी विचारलं, वाचणार कोण? मुलगा स्वतः वाचू शकणार नाही, त्याचे मामा त्याच पंचक्रोशीतले. मी वाचेन म्हटलं. जिन्याच्या वळणावर कपबशी वाजली.

"आणि नाव?" मुलानं विचारलं. "पत्रिकेत लेखक म्हणून नाव छापतात. टोपणनाव चालत नाही त्यांना, फोटो पण लागतो."

कुणी काही बोलेना. काकूंनी दोरा दातानं तोडावा तसा आवाज केला आणि म्हणाल्या, "माझं घाला की. फोटो बी घाला. ह्या वयात माझं कोण काय वाकडं करणार हाय? म्हणतील, शिंपीण कथा लिवायला लागली."

मला वाटलं आता सगळे टाळ्या वाजवतील. दोघांनी वाजवल्याही. पण मुलगा उठून खिडकीशी गेला. वळून म्हणाला, "काकू, रागावू नका. पण कथा माझी आहे."

"मग तुझं घाल," काकू म्हणाल्या.

"ते जमत नाही म्हणून तर..."

"मग माझं."

"तुमचं पण नको."

पत्रिका छापायला जायला अजून वेळ आहे. विद्यार्थ्याचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. खाली ती म्हणते, तुम्ही लोक एका नावावरून एवढं भांडता, त्यापेक्षा त्या वाढवलेल्या पानात टपरीवाल्यानं चहात साखर किती घातली ते आधी ठरवा, निपाणीकडं चहा फार गोड करतात.